रिकामा गोल

डॉक्टरचा कान कामातून गेलाय, हे केंद्रावरच्या झाडून सगळ्यांना माहीत होतं. भिंती फोडणाऱ्यांना माहीत होतं, रेझिन कालवणाऱ्याला माहीत होतं, गेटवर वही घेऊन बसणाऱ्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या डॉक्टरला. आणि या माणसाचं पोट चालत होतं ते कानावरच!

डॉक्टर म्हणजे औषध देणारा डॉक्टर नव्हे हं. शहराचं सांडपाणी जिथं साफ होतं, तिथल्या काँक्रीटच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या टोळीतला हा एक कामगार. हातात अर्ध्या किलोची हातोडी. खोकल्याचा रोगी आला की खरा डॉक्टर जसा त्याच्या छातीवर बोटानं ठोकून ऐकतो, तसा हा भिंतीवर ठोकून ऐकायचा. म्हणून डॉक्टर. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. बायकोसुद्धा चिडली की "अहो डॉक्टरसाहेब, ऐकलंत का?" म्हणायची.

हे ऐकणं म्हणजे काय प्रकरण आहे तेवढं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सांडपाण्यातून वायू सुटतो. तो वर येतो, ओल्या भिंतीला चिकटतो आणि तिथं त्याचं आम्ल होतं. ते आम्ल काँक्रीट खातं. वर्षानुवर्षं खातं, गुपचूप खातं. वरून भिंत धडधाकट दिसते आणि आत नखानं खरवडावं इतकी मऊ झालेली असते. मग टाकी रिकामी करायची, दोन दिवस पंख्यानं हवा सोडायची, मीटर खाली सोडून वायू गेल्याची खात्री करायची आणि माणसं उतरवायची. सडलेलं फोडून काढायचं, खड्डे मसाल्यानं भरायचे, आणि त्यावर रेझिन, म्हणजे वाळून दगडासारखा होणारा चिकट रस, रेझिनवर काचेच्या धाग्यांची चटई, चटईवर पुन्हा रेझिन, असं जाड अस्तर चढवायचं. खालची भिंत चांगली असेल तर ते अस्तर वीस वर्षं हलत नाही. पण खाली ताटाएवढी जागा जरी सडकी राहिली, तर ती अस्तराला घेऊन सुटते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तर कुठं फोडायचं आणि कुठं सोडायचं, हे सांगणारा माणूस डॉक्टर. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. कमी फोडलं तर अस्तर सुटणार, जास्त फोडलं तर भिंत उगीच पातळ होणार आणि दिवस जाणार. दिवस मोजकेच असतात, कारण एक टाकी बंद असली की अख्ख्या शहराचा भार शेजारच्या टाकीवर. तीन आठवड्यांच्या वर कुणी एक दिवस देत नाही. म्हणून डॉक्टरचा शब्द शेवटचा. इंजिनीअर आले नि गेले, याच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही. या माणसाला दुसरी काही मिजास नव्हती, पण कानाची होती, आणि ती त्यानं उघडपणे मिरवली.

मिरवायला कारणही होतं म्हणा. लग्न झालं त्याच आठवड्यात त्यानं भाड्याच्या खोलीच्या चारही भिंती ठोकून बघितल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत पोकळ आहे असं जाहीर केलं.

"पोकळ तर पोकळ," बायको म्हणाली. "भांड्यांची फळी तिथंच लागणार. दुसरीकडं माझा हात पुरत नाही."

फळी तिथं लागली. दोन महिन्यांनी भर दुपारी भांड्यांसकट, गिलाव्यासकट धाडदिशी खाली आली. सासूनं दिलेलं मोठं पातेलं असं चेपलं की ते पुन्हा कधी चुलीवर सरळ बसलं नाही. त्या दिवसापासून बायकोचा त्याच्या कानावर जो विश्वास बसला तो बसला.

पुढं लेक शाळेत जायला लागल्यावर बायकोही टोळीत कामाला आली. चटई कापून लावायचं काम तिचं. काचेचे धागे फार वाईट, कपड्यातून आत जातात, रात्रंदिवस खाजवतात. ती कोपरापर्यंत पावडर फासायची, बाह्या दोऱ्यानं बांधायची आणि कात्री चालवायची. पण चटई लागणार शेवटी. त्याआधी डॉक्टर भिंत ठोकत असायचा तेव्हा तिला काम नसे, म्हणून ती खडू घेऊन त्याच्याशेजारी परांचीवर उभी राहायला लागली. त्याच्या एका हातात हातोडी, दुसरा हात परांचीच्या पाइपाला. तो ठोकायचा, बद्द लागलं की म्हणायचा, "घे." ती तिथं गोल काढायची. ठक, ठक, ठक, घे. वीस वर्षं दोघांचा हाच संसार, घरी वेगळा आणि टाकीत वेगळा. टोळीतले सगळे तिला वहिनी म्हणायचे, आणि ती डब्यातलं अर्धं त्यांनाच वाटून टाकायची.

आता कान गेला कसा, ते. चारी बाजूंनी काँक्रीट, आणि आत दोन दोन यंत्रं भिंत फोडतायत, विचार करा काय आवाज होत असेल. बाकीचे कानांवर टोप्या चढवायचे. हा पठ्ठ्या नाही चढवायचा. "कान झाकून कानाचं काम कसं होणार?" म्हणायचा. सांगून सांगून सगळे थकले. अहो, ज्या कानाची एवढी मिजास, त्याला जपायला नको? पण नाही. तीस वर्षं त्या यंत्रांनी त्याचा कान तासून काढला. आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक गेली, किल्ल्यांची किणकिण गेली. जातात ते सांगून थोडेच जातात! डॉक्टरला वाटायचं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

बायकोनं ओळखलं. ती घरात मोठ्यानं बोलायला लागली. इतक्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं यांची भांडणं चालू झाली.

"बाई आहेस की भोंगा?" डॉक्टर म्हणायचा.

"भोंगाच आहे. वाजू द्या," ती म्हणायची, आणि आणखी मोठ्यानं म्हणायची.

पण टाकीतली गोष्ट घरातल्यासारखी नव्हती. एका सकाळी त्यानं भिंतीवर ठोकलं आणि म्हणाला, "घे." तिनं खडू उचलला आणि थांबली. एवढी वर्षं ऐकून ऐकून तिचाही कान तयार झाला होता. भिंत खणखणीत वाजली होती.

"परत ठोका बघू," ती म्हणाली.

त्यानं ठोकलं. पुन्हा खणखणीत. "बद्द आहे की! घे."

तिनं गोल काढला. दुपारपर्यंत असे अकरा गोल झाले. जेवायच्या सुट्टीत डॉक्टर हात धुवायला गेला तेव्हा ती फोडणाऱ्यांच्या मुकादमाकडं गेली. शेजारी रेझिन कालवणारा बसला होता. त्याच्या हातातून बादली कधी सुटत नसे, म्हणून त्याला सगळे बादली म्हणायचे. डॉक्टरचा तो जुना दोस्त.

"आजपासून ज्या गोलात फुली असेल तेवढाच फोडायचा," ती म्हणाली. "रिकामा गोल दिसला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. आणि हे त्यांच्या कानावर गेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे."

"कानावर घातलं तरी जाणार कुठं!" मुकादम हसला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू घशातच राहिलं.

झालं, नियम ठरला. डॉक्टर "घे" म्हणाला की ती गोल काढायची. तिला बद्द ऐकू आलं असेल तर आत फुली, नसेल तर रिकामा. कधी बद्द वाजूनही डॉक्टर काही बोलला नाही, तर ती आपणहून गोल काढून फुली मारायची. मग हा म्हणायचा, "हां, तेच म्हणणार होतो." एकदा त्यानं विचारलं, ही फुली कसली म्हणून. "चटई केवढी कापायची त्याची खूण आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं ठोका." चटईचं खातं तिचं, त्यात तो नाक खुपसत नसे. मसाल्याचा हात फिरला की सगळी भिंत एकसारखी करडी दिसते, कुठं फोडलं नि कुठं नाही कुणाला कळणार?

सहा वर्षं हे चाललं. सहा वर्षांत नऊ टाक्या झाल्या. एकीचंही अस्तर सुटलं नाही, आणि डॉक्टरची मान जरा जास्तच ताठ झाली. तुम्ही म्हणाल, फसवणूकच की ही. असेल. पण त्या बाईनं नवऱ्याची शान आणि शहराच्या टाक्या दोन्ही एका खडूवर सांभाळल्या. जमतंय का कुणाला?

मग तिच्या पोटात गाठ निघाली. निघाली तेव्हाच फार मोठी होती. तीन महिने हॉस्पिटलच्या पायऱ्या चढून उतरून झाल्या, आणि एका पहाटे ती गेली. लेक सासरहून आली होती, ती महिनाभर राहिली आणि परत गेली. तिलाही तिचा संसार होता.

घर गप्प झालं. डॉक्टर खुर्चीत बसून राहायचा. शेजारीण दारावरची बेल वाजवून वाजवून शेवटी दार बडवायची. "किती वेळ उभी आहे मी!" दूध उतू जाऊन करपायचं, तेव्हा वासानं त्याला कळायचं. नळ रात्रभर वाहायचा. दुःखानं माणसाचं असंच होतं, लोक म्हणाले. त्यालाही ते पटलं. बोलणारी गेली म्हणून घर गप्प, यात नवल ते काय? त्या गप्पपणातला अर्धा वाटा आपल्या कानाचा आहे, हे त्या बिचाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

दीड महिन्यानं तो कामावर गेला. टाकी दहावी. इंजिनीअरबाई नवीन आल्या होत्या, हुशार आणि कामाला चोख, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सांगणार कोण? मुकादम म्हणाला बादलीनं सांगावं, दोस्त आहे. बादली म्हणाला सांगतो. आज सांगतो, उद्या सांगतो. डॉक्टरचं ते उतरलेलं तोंड बघितलं की त्याची जीभ रेटायची नाही.

डॉक्टर परांचीवर चढला. ठक, ठक, ठक.

"घे," तो म्हणाला, आणि शेजारी बघितलं. मग खिशातून खडू काढून स्वतःच गोल काढला.

पुढं ठोकलं. बद्द. त्याच्यापुढं, बद्द. हात वर करून ठोकलं, खाली वाकून ठोकलं, सगळीकडं बद्द. त्याला घाम फुटला. एवढ्या वर्षांत इतकी सडलेली भिंत त्यानं पाहिली नव्हती. संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा एकाच भिंतीवर एकशे त्रेचाळीस गोल होते, आणि एकाहीत फुली नव्हती. फुली मारायचं त्याला कशाला सुचेल? ती चटईची खूण होती ना.

"बाई, ही टाकी गेली," त्यानं इंजिनीअरबाईंना सांगितलं. "सगळी भिंत फोडावी लागणार."

बाईंचा चेहरा पडला, आवाज चढला. "सगळी? अहो, दहा दिवस नुसते फोडण्यात जातील. शेजारची टाकी काठापर्यंत भरून चाललीय. ती ओसंडली तर सगळी घाण नदीत जाईल."

"मी काय करू? आहे ते सांगितलं."

"मी जरा चकत्या लावून बघते," बाई म्हणाल्या. म्हणजे भिंतीला लोखंडी चकती चिकटवायची आणि यंत्रानं ओढायची. किती जोरानं सुटते त्यावर भिंतीची ताकद कळते. नियमानं हे अस्तराआधी करायचंच असतं, पण डॉक्टरच्या ठोकण्यानंतर, एक उपचार म्हणून.

"ओढा की खुशाल," डॉक्टर म्हणाला. "यंत्राला काय कान असतो?" बोलायला बोलला, पण मनातून दुखावला. घरी जाताना त्याला वाटलं, ती असती तर म्हणाली असती, जाऊ द्या हो, नवीन आहे पोर.

दुसऱ्या दिवशी तो टाकीत उतरला आणि शिडीखालीच थांबला. भिंत लख्ख. एकशे त्रेचाळीसपैकी एक गोल नाही. एक टवका उडवलेला नाही. मुकादम हातात ओलं फडकं घेऊन उभा होता.

"माझे गोल कुणी पुसले?"

"आम्हीच, डॉक्टर."

"का?"

"रिकामे होते ना सगळे."

"रिकामे म्हणजे?"

"म्हणजे फुली नव्हती कशात. मग वहिनींचा नियम, रिकामा गोल पुसून..." आणि मुकादमाचं तोंड अर्ध्यावरच बंद झालं.

"कसला नियम?" डॉक्टर म्हणाला. "अरे, कसला नियम? दातखीळ बसली का सगळ्यांची?"

बादली पुढं झाला. "चल, वर जाऊन चहा घेऊ."

"चहा गेला खड्ड्यात! कसला नियम?"

बादलीनं सांगितलं. आधी हळू सांगितलं, कारण असली गोष्ट माणूस हळूच सांगतो.

"काय?" डॉक्टर म्हणाला.

बादलीनं पुन्हा सांगितलं.

"नीट बोल की रे, पुटपुटतोस काय?"

"तुला ऐकू येत नाही!" बादली ओरडला, आणि ते रिकाम्या टाकीत चारी भिंतींवर आपटून परत आलं. "सहा वर्षं झाली! वहिनी ऐकायच्या! ज्यात फुली तो खरा, रिकामा तो तुझ्या समाधानाचा! आम्ही सगळे पुसत होतो!" ओरडता ओरडता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढं नाजूक बोलणं, आणि ते बोंबलून सांगायची वेळ आली त्याच्यावर.

डॉक्टरनं आधी बादलीला शिव्या घातल्या. मग मुकादमाला घातल्या. मग म्हणाला, "खोटं आहे हे. ती असं करणार नाही." आणि एकदम म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं मी काय करत होतो? नुसता ठोकत होतो?"

मुकादम फडकं पिळत राहिला.

"मी पाठ करून उभा राहतो," डॉक्टर म्हणाला. "त्या पाइपावर खिळा वाजव. ऐकू आला की मी हात वर करतो. बघू कोण खोटं आहे ते."

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बादलीनं खिळा घेतला आणि परांचीच्या पाइपावर वाजवला. टिंग. टिंग. टिंग. वर टाकीच्या काठाशी आलेल्या गेटवरच्या पहारेकऱ्यानं डोकावून खाली बघितलं, त्याला तिथं ऐकू गेलं. मुकादम खाली मान घालून आपल्या बुटांकडं बघत राहिला. डॉक्टरचा हात खालीच होता.

"वाजव की रे," डॉक्टर म्हणाला. "किती वेळ लावतोस?"

बादलीनं खिळा खिशात टाकला.

डॉक्टर मागं वळला, सगळ्यांच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं, आणि समजला. तो शिडी चढून वर गेला. तिथून घरी गेला असता तर कुणी त्याला बोललं नसतं. मुकादमानं तर मनात म्हटलंच, गेला हा, आता येत नाही. पण डॉक्टर सरळ इंजिनीअरबाईंच्या खोलीत गेला. बाई चकत्यांचे आकडे घेऊन बसल्या होत्या. तिन्ही चकत्या भिंतीनं घट्ट धरून ठेवल्या होत्या, आणि हे या जुन्या माणसाला कसं सांगावं, या विचारात त्या पडल्या होत्या.

"बाई, काल मी म्हणालो टाकी गेली," डॉक्टर म्हणाला. "टाकीला धाड भरलेली नाही. माझा कान गेलाय. कालचा कागद फाडून टाका."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"बादली ठोकेल. त्याला कळतं. फक्त त्याला सांगा, कानांवर टोपी घालत जा म्हणावं, फोडायचं काम चालू असेल तेव्हा."

"आणि तुम्ही?"

"चटई लावणारं कुणी नाहीये आता," डॉक्टर म्हणाला. "मी लावतो."

बादलीनं ठोकलं. अख्ख्या भिंतीत सतरा जागा निघाल्या, सगळ्या वरच्या अंगाला, पाण्याच्या रेषेवर. त्या फोडल्या, भरल्या. मग डॉक्टरनं चटई कापली, लावली, रेझिनमध्ये भिजवली, रूळ फिरवून फिरवून आतले बुडबुडे काढले. बाह्या बांधायच्या असतात हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी दोन्ही हात लालभडक झाले आणि रात्रभर आग आग झाली. वीस वर्षं बायको हेच हात घेऊन घरी येऊन स्वयंपाक करत होती आणि आपण एकदाही विचारलं नाही, हे तो बादलीला दोनदा म्हणाला. विसाव्या दिवशी टाकी भरली. शेजारची ओसंडली नाही. इंजिनीअरबाईंनी सगळ्यांना चहा दिला, आणि टोळीतल्या लोकांना वाटलं, चला, सुटलो, गोष्ट निभावली.

बादलीनंच लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती पुढच्या आठवड्यात आली आणि बापाला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. तिथं त्याला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. तो बटणावर अंगठा ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखा बसून राहिला. काचेपलीकडून लेक बघत होती. अंगठा फार कमी वेळा हलला.

कानाचे डॉक्टर चांगले होते. कागदावरची रेघ दाखवून त्यांनी मोठ्यानं, सावकाश समजावलं. "जाड आवाज तुम्हाला येतात. बारीक येत नाहीत. समोरचा पुरुष जोरात बोलला तर कळेल. बाईमाणूस हळू बोललं, आजारी माणूस बोललं, तर नुसते ओठ हलताना दिसतील. आवाज तुमच्यापर्यंत येणारच नाही." मग म्हणाले, "हे आजचं नाही. बऱ्याच वर्षांचं आहे."

यंत्र मिळेल, थोडा फरक पडेल, असं म्हणाले. लेकीनं हो म्हटलं, मापं दिली, दोघं बाहेर आले. बाहेर लांबलचक व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकं, बाकांवर आपला नंबर यायची वाट बघणारी माणसं. डॉक्टर चालता चालता थांबला आणि एका बाकावर बसला. लेकीला वाटलं चक्कर आली.

"पाणी आणू का, बाबा?" तिनं मोठ्यानं विचारलं.

त्यानं मान हलवली. नको.

"आई गेली त्याच्या आदल्या दुपारी," तो म्हणाला, "ती माझ्याशी बोलत होती. तू दारात उभी होतीस."

"हो."

"मला वाटलं तिच्यात आता आवाजच उरला नाही. नुसते ओठ हलतायत. म्हटलं, हलू देत. तिला बरं वाटेल." त्यानं लेकीकडं बघितलं. "आवाज येत होता का?"

लेक त्याच्याशेजारी बसली. तिला खोटं बोलता आलं असतं. पण सहा वर्षं सगळे खोटंच बोलले होते त्याच्याशी.

"येत होता, बाबा. बारीक, पण येत होता," ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली.

"काय म्हणत होती?"

"मला नाही माहीत. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर गेले. म्हटलं, तुमचं दोघांचं काही असेल. तुम्ही तिचा हात धरून बसला होतात, ऐकत होतात. मी कशाला मध्ये?"

"किती वेळ बोलली?"

"अर्धा तास तरी. मी काचेतून बघत होते. तुमचा मोठा आवाज तेवढा बाहेर येत होता."

डॉक्टरनं हातातली ती रेघ काढलेली चिठ्ठी घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. सगळ्या जगाला माहीत होतं याला ऐकू येत नाही, आणि सगळ्यात आधी तिला माहीत होतं. ओरडायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तरी ती अर्धा तास बोलली.

"माझा आवाज येत होता ना?" त्यानं विचारलं. "तिला मी काय म्हणत होतो?"

लेक काहीतरी म्हणाली. ती हळू बोलली, त्यामुळं त्याला नुसते ओठ हलताना दिसले.

"काय?"

तिनं डोळे पुसले, त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि बाकावरच्या सगळ्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही हो म्हणत होतात, बाबा! प्रत्येक वेळी हो, हो म्हणत होतात!"